ग्राउंडहॉग डे आणि थंडी कधी संपणार हे सांगणारे प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की अमेरिकेत नवीन आलेली आपली मराठी मंडळी मला हमखास फोन करतात, की अगं हे काय चाललंय, टीव्हीवर टोप्या घातलेली माणसं एका मोठ्या उंदरासारख्या प्राण्याला उचलून थंडीबद्दल विचारतायत. मी चौदा वर्षं पेन्सिल्व्हेनियात राहते आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलंय.

ग्राउंडहॉग डे म्हणजे नक्की काय?

दरवर्षी २ फेब्रुवारीला सकाळी ग्राउंडहॉग नावाचा प्राणी बिळातून बाहेर येतो असं मानतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर तो घाबरून परत बिळात जातो आणि थंडी अजून सहा आठवडे राहते, सावली नाही दिसली तर वसंत लवकर येतो. अमेरिका आणि कॅनडात हे अनेक गावांमध्ये होतं, पण सगळ्यात मोठा सोहळा पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी या गावात असतो आणि तिथल्या ग्राउंडहॉगचं नाव फिल.

ग्राउंडहॉगला मराठीत काय म्हणायचं?

आपल्याकडे हा प्राणीच नाही त्यामुळे शब्दही नाही. काही जण घूस म्हणतात ते चूक आहे. हा खारीच्या कुळातला, मार्मोट जातीचा प्राणी. लडाखला पँगाँगच्या वाटेवर रस्त्याकडेला उभे राहणारे ते गुबगुबीत मार्मोट पाहिले असतील ना, पर्यटक त्यांना बिस्किटं देतात (कृपा करून देऊ नका), ते याचे चुलतभाऊ. ग्राउंडहॉग साधारण दोन ते सहा किलोचा असतो, उन्हाळाभर खाऊन खाऊन लठ्ठ होतो आणि इथे ज्यांनी बॅकयार्डात भाज्या लावल्यात त्यांना तो चांगलाच माहीत असतो, कारण घेवडा, कोबी, कोथिंबीर सगळं तो जमिनीलगत साफ करतो. त्याची अजून दोन नावं आहेत, वुडचक आणि व्हिसल पिग. वुडचकचा लाकडाशी काही संबंध नाही, इथल्या मूळनिवासी भाषेतल्या शब्दाचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं रूप आहे ते. आणि धोका दिसला की हा जोरात शिट्टी मारतो म्हणून व्हिसल पिग.

ऊन पडलं, सावली दिसली तर थंडी वाढणार? हे उलटं नाही का?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि मलाही पहिल्या वर्षी हाच पडला होता. ऊन पडलं तर बरं की, वसंत जवळ आला असंच वाटतं कुणालाही. मी नानांना फोन केला तेव्हा सहज सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. ते एक सेकंदही न थांबता म्हणाले, "अगं आभाळ मोकळं असलं की थंडी वाढणारच, त्यात काय एवढं."

आणि खरंच आहे ते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र झालं, वारा पडला की त्या रात्री नानांची झोप उडते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली, मग पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, मोटार चालू करून विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते जरा कोमट असतं, नाहीतर तयार होत आलेले मणी तडकतात. उलट आभाळ भरून आलं की थंडी मोडते. तेव्हा थंडीची काळजी नसते पण भुरी रोगाची असते, म्हणजे फवारणी आलीच. द्राक्षवाल्याला दोन्हीकडून मार.

कारण सोपं आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ढग असतील तर ते गोधडीसारखे ती धरून ठेवतात आणि आभाळ मोकळं असेल तर सगळी निघून जाते. युरोपात, जिथून ही समजूत आली, तिथे अजून एक गोष्ट होते. फेब्रुवारीत तिथे लख्ख ऊन म्हणजे बहुतेक वेळा जास्त दाबाचं क्षेत्र येऊन बसलेलं असतं आणि पूर्वेकडची कोरडी गारठलेली हवा येत असते. ढगाळ, पावसाळी हवा म्हणजे अटलांटिक समुद्रावरून येणारी ओली आणि त्यातल्या त्यात उबदार हवा. म्हणजे सावली पडली, पर्यायाने आभाळ स्वच्छ, पर्यायाने थंडी मुक्कामाला. यात प्राणी नंतर आलाय, आधी माणसाने आभाळ बघितलंय. त्यावरून सहा आठवड्यांचं भाकीत करणं वेगळी गोष्ट, पण मुळातलं निरीक्षण भाबडं नाहीये हे मला आवर्जून सांगायचंय, कारण लोक फार पटकन अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात.

२ फेब्रुवारीच का?

ख्रिसमस धरून चाळिसावा दिवस. ख्रिस्ती परंपरेत बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण, चर्चमध्ये वर्षभराच्या मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात म्हणून इंग्लिशमध्ये कँडलमस. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक वाचकांना हा सण माहीत असेलच. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे हा दिवस साधारणपणे २१ डिसेंबरचा सगळ्यात छोटा दिवस आणि २० मार्चचा दिवस-रात्र समान असणारा दिवस यांच्या जवळजवळ मध्ये पडतो, म्हणजे हिवाळ्याचा मध्यबिंदू.

आणि मध्यबिंदूला शेतकरी काय करतो? कोठार बघतो. इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये एक म्हण होती की कँडलमसला निम्मं गवत आणि निम्मं लाकूड शिल्लक पाहिजे. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडते. बाहेर दोन फूट बर्फ, गोठ्यात गुरं, आणि माणूस कंदील घेऊन गंजीकडे बघतोय की हे पुरणार का. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर कडब्याची गंजी बघून कुणबी हाच हिशोब करतो, की मृगापर्यंत जाईल ना, का एखादं जनावर बाजारात न्यावं लागेल. अशा वेळी थंडी किती दिवस राहणार हा प्रश्न करमणुकीचा नव्हता, गुरं जगणार का हा प्रश्न होता. ग्राउंडहॉग डे समजून घ्यायचा तर टोप्या आणि फटाके बाजूला ठेवून आधी ती गंजी डोळ्यासमोर आणा.

मग यात ग्राउंडहॉग कुठून आला?

जर्मनीहून, पण तिथे तो बॅजर नावाचा, बिळात राहणारा दुसराच प्राणी होता. जर्मन शेतकऱ्यांची समजूत अशी की कँडलमसच्या आठवड्यात बॅजर बिळाबाहेर येऊन ऊन खात बसला तर तो अजून चार आठवडे परत बिळात जाणार. हो, चार, सहा नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्या शतकात जर्मन बोलणारे लोक मोठ्या संख्येने पेन्सिल्व्हेनियात येऊन वसले, त्यांना पेन्सिल्व्हेनिया डच म्हणतात (डच म्हणजे इथे डॉइच, हॉलंडशी संबंध नाही). इथल्या शेतांत त्यांना बॅजर काही दिसेना, पण बिळात राहणारा, हिवाळाभर झोपणारा ग्राउंडहॉग मात्र बांधाबांधावर होता, म्हणून काम त्याच्याकडे आलं. देश सोडताना माणसं रीत बरोबर आणतात आणि मग जे मिळेल त्यात ती बसवतात, आपण इथे आंब्याची पानं मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच कुठल्या पानांचं तोरण लावतो तसंच.

याची सगळ्यात जुन्या लेखी नोंदींपैकी एक १८४१ सालची आहे, मॉर्गनटाऊन नावाच्या गावातल्या जेम्स मॉरिस या दुकानदाराच्या डायरीत. त्याने लिहून ठेवलंय की जर्मन लोकांच्या म्हणण्याप्रमाणे कँडलमसच्या दिवशी ग्राउंडहॉग बाहेर डोकावतो आणि सावली दिसली तर परत जाऊन सहा आठवडे झोपतो. म्हणजे तोवर चाराचे सहा झाले होते. पेन्सिल्व्हेनियाचा हिवाळा मी चौदा वेळा काढलाय, मला ते अगदी पटतं.

पंक्सटॉनीच का एवढं प्रसिद्ध?

वर्तमानपत्रामुळे. १८८६ साली तिथल्या पंक्सटॉनी स्पिरिट या पेपरात २ फेब्रुवारीला पहिल्यांदा बातमी आली की अंक छापायला जाईपर्यंत ग्राउंडहॉगने सावली पाहिलेली नाही. पेपरचा संपादक क्लायमर फ्रीस याने ही कल्पना उचलून धरली, पुढच्या वर्षी म्हणजे १८८७ ला मंडळी गावाबाहेरच्या गॉब्लर्स नॉब या टेकडीवर गेली आणि तेव्हापासून हे चालू आहे. सुरुवातीच्या काळात हे लोक ग्राउंडहॉगची शिकार करून त्याचं जेवणही करायचे, हे आता सांगितलं की तिथल्या शाळकरी पोरांना धक्का बसतो.

गावाचं नाव लेनापी या मूळनिवासी लोकांच्या भाषेतलं, अर्थ साधारण "चिलटांचं गाव". कोळशाच्या खाणींवर वाढलेलं गाव, खाणी गेल्या, आता वस्ती जेमतेम पाच-सहा हजार. १९९३ साली याच दिवसावर एक हॉलिवूडचा सिनेमा आला आणि गर्दी एकदम वाढली, शूटिंग मात्र पंक्सटॉनीत झालंच नाही, ते झालं इलिनॉयमधल्या वुडस्टॉक गावात.

त्या दिवशी तिथे प्रत्यक्ष काय होतं?

मी एकदाच गेलेय. पिट्सबर्गहून दीड तासाच्या वर ड्राइव्ह आहे, आम्ही रात्री एकला निघालो. गाडी गावात लावून शटल बसने टेकडीवर जायचं. पहाटे तीनच्या सुमाराला गेट उघडतं आणि मग सूर्य उगवेपर्यंत चार-साडेचार तास नुसतं उभं राहायचं, बसायला जागा नाही. स्टेजवर गाणी चालू असतात, लोक नाचतात, नाचणं भागच आहे कारण थांबलं की पाय दगड होतात. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांनी येताना पुठ्ठ्याचा खोका आणलेला, तो फाडून त्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या पायाखाली सरकवला आणि म्हणाल्या यावर उभी राहा, थंडी जमिनीतून चढते. तीन जोड्या मोजे घालून जे झालं नव्हतं ते त्या पुठ्ठ्याने झालं. नंतर कळलं त्या लहानपणापासून येतायत.

साडेसहाच्या सुमाराला फटाके. मग काळे कोट आणि उंच टोप्या घातलेली मंडळी येतात, त्यांना इनर सर्कल म्हणतात, वर्षभर फिलची देखभाल आणि हा सोहळा हे त्यांचंच काम. सात-पंचवीसच्या आसपास स्टेजवरच्या झाडाच्या बुंध्याचं दार ठोठावतात, फिलला बाहेर काढून वर धरतात, अध्यक्ष वाकून त्याच्याशी "ग्राउंडहॉगीज" भाषेत बोलतात आणि बाभळीच्या जातीतल्या लाकडाची एक जुनी काठी त्यांच्याकडे असते, ती हातात असली की फिलची भाषा कळते असं सांगतात. दोन गुंडाळ्या तयार असतात, एक सावलीची आणि एक बिनसावलीची, त्यातली एक निवडून वाचून दाखवतात.

आमच्या वेळी सावली निघाली. हजारो माणसं एकदम "बू" ओरडली आणि लगेच सगळे हसत एकमेकांना मिठ्या मारायला लागले. अंधारात चार तास एकत्र कुडकुडलेली माणसं होती ती, त्यांना आता सहा आठवड्यांचं काय.

फिल १८८७ पासून एकच आहे असं म्हणतात ते?

हा सोहळा चालवणाऱ्या क्लबची गोष्ट अशी आहे की फिल एकच आहे, दर उन्हाळ्यात त्याला एक अमृत पाजतात आणि प्रत्येक घोटाने त्याचं आयुष्य सात वर्षांनी वाढतं. जीवशास्त्र सांगायचं तर जंगलातला ग्राउंडहॉग पाच-सहा वर्षं जगला तरी खूप झालं, पाळलेला दहा-बारा. पण लहान मुलांसमोर हे काढू नका. आपण गणपतीच्या उंदराबद्दल मुलांना कसं सांगतो, तसंच आहे.

फिल एरवी बरीच वर्षं गावाच्या लायब्ररीत राहत आलाय, काचेमागे त्याचं बीळ केलंय, बरोबर त्याची जोडीदार फिलिस. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांना दोन पिल्लं झाली, सनी आणि शॅडो.

अंदाज किती वेळा बरोबर येतो?

स्पष्ट सांगते, नाणं उडवण्यापेक्षाही कमी. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने फिलचे अंदाज प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिलेत आणि त्याचं यश चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा खालीच धरलं जातं. कॅनडातल्या संशोधकांनी २०२१ साली वेगवेगळ्या गावांतल्या ग्राउंडहॉगांचे पाचशेवर अंदाज एकत्र तपासले, ते निम्मे बरोबर निघाले, म्हणजे नाण्याइतकेच. एवढ्या वर्षांत फिलने शंभराहून जास्त वेळा सावली पाहिलीये आणि बिनसावलीचे निकाल त्या मानाने अगदी थोडे. अलीकडचं सांगायचं तर २०२४ ला सावली नव्हती, २०२५ ला होती.

आणि कॅलेंडर काढून बघा, २ फेब्रुवारी ते २० मार्च म्हणजे ४६ दिवस, साडेसहा आठवडे. म्हणजे सहा आठवडे थंडी अजून आहे असं सांगणं म्हणजे हिवाळा वेळेवर संपणार एवढंच सांगणं. त्यामुळे अंदाजावर विसंबून स्नो टायर काढू नका किंवा मिरचीची रोपं बाहेर लावू नका, ती मे महिन्याच्या मध्यापर्यंत घरातच बरी.

पण खरा, जंगलातला ग्राउंडहॉग फेब्रुवारीत बाहेर येतो का?

येतो! आणि हे मला स्वतःला फार आवडतं. ग्राउंडहॉग खऱ्या अर्थाने शीतनिद्रा घेणारा प्राणी, अस्वलासारखी अर्धवट झोप नाही. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून चार-पाच अंशांपर्यंत येतं, एरवी मिनिटाला ऐंशीच्या घरात असणारे हृदयाचे ठोके पाच-दहावर, श्वास मधूनमधून कधीतरी. मध्येमध्ये जाग येते, शरीर गरम होतं, परत झोप. साठवलेल्या चरबीवर सगळं चालतं.

पेन स्टेट विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ स्टॅम झर्व्हानोस यांनी कितीतरी वर्षं ग्राउंडहॉगना ट्रान्समीटर बसवून याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की नर फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेर पडतात आणि आपल्या हद्दीतल्या माद्यांच्या बिळांना भेटी देतात. नुसती ओळखपाळख, मीलन मार्चमध्ये. भेटी झाल्या की परत जाऊन झोपतात. म्हणजे बिळातून बाहेर येणं आणि परत जाणं हे शेतकऱ्यांनी बरोबर पाहिलेलं होतं, फक्त सावलीशी त्याचा संबंध नव्हता. यामागे हिशोब आहे: पिल्लं एप्रिलमध्ये जन्मली तर त्यांना उन्हाळाभर खाऊन चरबी साठवायला वेळ मिळतो, फार आधी जन्मली तर खायला गवत नाही, उशिरा जन्मली तर पुढच्या हिवाळ्यात टिकत नाहीत. तो प्राणीही एक प्रकारे गंजीचाच हिशोब करतोय.

इतर गावांचे ग्राउंडहॉग?

भरपूर आहेत. कॅनडात ऑन्टारिओमधला वायर्टन विली, बरीच वर्षं पांढराशुभ्र असायचा, १९५६ पासूनची परंपरा. टोरोंटोची मराठी कुटुंबं मुलांना घेऊन तिथे जाऊ शकतात. नोव्हा स्कोशियात शुबेनाकडी सॅम. अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जियाचा जनरल बोरेगार्ड ली. न्यूयॉर्कला स्टॅटन आयलंडच्या प्राणिसंग्रहालयातला चक, याने २००९ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या बोटाला चावा घेतला होता. कॅनडातल्याच अल्बर्टात बाल्झॅक बिली म्हणून आहे तो तर ग्राउंडहॉगचा वेश घातलेला माणूस आहे, आणि आमच्या पेन्सिल्व्हेनियातच लँकेस्टरकडे क्वॅरीव्हिलमध्ये ऑक्टोरारो ऑर्फी, तो पेंढा भरलेला.

युरोपात अजून हे मानतात का, कुठले प्राणी?

मानतात, आणि तिथे जास्त करून अस्वल. हंगेरीत २ फेब्रुवारीला अस्वल गुहेतून बाहेर येतं, सावली दिसली तर परत जातं अशी समजूत आहे आणि बुडापेस्टच्या प्राणिसंग्रहालयात या दिवशी अस्वलांना बघायला गर्दी होते. रोमानियातही हा अस्वलाचा दिवस. सर्बियात तोच सण १५ फेब्रुवारीला, कारण त्यांचं चर्च जुनं कॅलेंडर पाळतं, आणि तिथेही अस्वल सावलीला घाबरलं तर थंडी चाळीस दिवस. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पिरेनीज डोंगरात तर गावातले तरुण काजळी आणि कातडी अंगाला लावून अस्वल होतात, गावभर लोकांच्या मागे धावतात, सगळ्यांची तोंडं काळी करतात आणि शेवटी "अस्वलाला" पकडून त्याची हजामत करतात म्हणजे तो परत माणूस होतो. प्रा-द-मोलो गावाचा हा सण प्रसिद्ध आहे आणि २०२२ साली युनेस्कोच्या यादीत आला. मला यात आपला शिमगाच दिसतो, सोंगं, काळं फासणं, पळापळ.

स्कॉटलंडच्या गेलिक लोकांमध्ये १ फेब्रुवारी, सेंट ब्रिजिटचा दिवस, तेव्हा साप बिळातून बाहेर येणार मग जमिनीवर तीन फूट बर्फ का असेना. आणि बल्गेरियात १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा मनगटावर बांधतात आणि पहिला करकोचा किंवा पाकोळी दिसली की सोडून फळाफुलाच्या झाडाला बांधतात. इथे भाकीत वगैरे काही नाही, पक्षी आला म्हणजे थंडी गेली, सरळ हिशोब. रक्षाबंधनाचा धागा माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ते काळ्या-तपकिरी सुरवंटाचं काय असतं?

वुली बेअर म्हणतात त्याला, केसाळ सुरवंट, दोन्ही टोकं काळी, मध्ये तपकिरी पट्टा, एकूण तेरा भाग. तपकिरी पट्टा रुंद तर हिवाळा सौम्य, काळा जास्त तर कडक. पण हा थंडी कशी असेल ते सांगतो, कधी संपेल ते नाही, आणि शरदात बघायचा असतो. रंग मुख्यतः सुरवंटाच्या वयावर आणि वाढीवर अवलंबून असतो, म्हणजे तो सांगितलंच तर गेलेल्या हंगामाबद्दल सांगतो.

या परंपरेत तुम्हाला सगळ्यात मोलाचं काय वाटतं?

लोक विचारतात म्हणून लिहिते. भाषा. पंक्सटॉनी सगळ्यांना माहीत असतं, पण पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्वेकडे "ग्रुंडसाऊ लॉज" नावाची मंडळं आहेत, ग्रुंडसाऊ म्हणजे त्यांच्या बोलीत ग्राउंडहॉग. पहिलं मंडळ १९३४ साली ॲलनटाऊनला भरलं. पेन्सिल्व्हेनिया डच बोली तेव्हा घरांतून मागे पडत चालली होती, मुलं इंग्रजीकडे वळत होती. या लोकांनी ग्राउंडहॉगला निमित्त केलं: वर्षातून एकदा जमायचं, जेवायचं, गाणी म्हणायची, नाटुकली करायची, आणि सगळं फक्त बोलीत. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की जागेवर नाण्याचा दंड.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबलून आलं. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते, इथल्या प्रत्येक मराठी घरात हेच. आम्ही काही घरांनी मिळून आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाच नियम केलाय, इंग्लिश शब्दाला एक क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर. पहिल्या वर्षी डबा अर्ध्या तासात भरला, गंमत म्हणजे सगळ्यात जास्त दंड आम्हा मोठ्यांचा. पण मुलं एकमेकांना "हे मराठीत काय म्हणतात" विचारायला लागली ना, ते मला कुठल्याही वर्गाने करून दाखवलेलं नव्हतं.

प्राण्याला त्रास होत नाही का?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न झटकू नये. झोपेच्या हंगामात जागा ठेवलेला, एरवी एकट्याने राहणारा प्राणी, त्याला हजारो लोकांसमोर कॅमेऱ्यांच्या लाइटात वर धरायचं. पेटा या संस्थेने २०२० साली फिलच्या जागी यांत्रिक ग्राउंडहॉग ठेवा असं सुचवलं होतं. क्लबचं म्हणणं की फिलची काळजी उत्तम घेतली जाते. न्यूयॉर्कला २०१४ साली महापौरांच्या हातून ग्राउंडहॉग पडला होता आणि काही दिवसांनी तो मेला. माझं मत म्हणाल तर हातात उचलणं बंद करावं, बुंध्याचं दार उघडून लांबून बघावं, सोहळ्यातलं काहीही कमी होणार नाही. क्वॅरीव्हिलवाले पेंढा भरलेल्या ग्राउंडहॉगवर खुश आहेतच की.

आपल्याकडे असं काही आहे का?

थंडी संपण्यासाठी कुणी प्राण्याला विचारत नाही, कारण आपल्याकडे थंडी जाण्याची काळजीच नसते. होळी जळाली, थंडी पळाली, संपला विषय. आपला जीव अडकतो पावसात आणि तिथे मात्र आपण प्राण्या-पक्ष्यांना भरपूर विचारतो. पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडायला लागला की पाऊस जवळ. कावळ्याने घरटं आंब्यावर, करंजावर केलं तर चांगला पाऊस, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त. मृगाचा लाल मखमली किडा दिसला की झालीच सुरुवात. आणि पंचांगात नक्षत्रांची वाहनं असतात ती तर प्रत्येकाच्या घरच्या कॅलेंडरवर छापलेली असतात, हत्ती, बेडूक, म्हैस आली की गावात लोक खुश, कोल्हा, मेंढा आला की चेहरे उतरतात. नानांना यातलं सगळं पाठ आहे, आणि तरी ते मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय फवारणी करत नाहीत.

जायचं असेल तर काही टिप्स?

२ फेब्रुवारी वीकेंडला आली तर गर्दी खूप वाढते, हॉटेल कित्येक महिने आधी बुक करावं लागतं. लहान बाळांना नेऊ नका. थर्मल, लोकरीचे मोजे, बुटात घालायचे वॉर्मर, आणि पुठ्ठा! थर्मासमध्ये चहा घेऊन निघण्याआधी कुठल्या बॅगा चालतात ते बघून घ्या, नियम बदलतात. घरी बसून बघायचं तर लाइव्ह दाखवतातच.

आमच्या बॅकयार्डात ग्राउंडहॉग आहे, त्याच्यावरून काही कळेल का?

त्याच्याकडे लक्ष ठेवा, नक्की कळेल, फक्त पुढचं नाही, आत्ताचं. आमच्या शेडखाली एक राहतो. फेब्रुवारीत बर्फावर बिळाच्या तोंडाशी ताजी तांबूस माती दिसली की समजायचं बाहेर येऊन गेला, कधी शेडपासून कुंपणापर्यंत जाणारी पावलंही उमटलेली असतात, पुढे चार बोटं, मागे पाच. मी कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण करते आणि नानांना फोनवर सांगते, मग ते विचारतात आभाळ कसं होतं. गेल्या वर्षी ९ फेब्रुवारीला खूण आहे, आभाळ भरलेलं होतं, आणि नानांकडे त्याच आठवड्यात द्राक्षाची तोडणी सुरू झाली होती.